घड्याळाला फक्त दम कळतो

मंगळवारची सकाळ. सातारा हिल हाफ मॅरेथॉन होऊन दोन दिवस झाले होते आणि मी आमच्या इमारतीचा जिना खेकड्यासारखा आडवा उतरत होतो. दोन्ही हातांनी कठडा धरलेला, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची पायरी. खालून आमच्या धावण्याच्या ग्रुपमधला एक तरुण मित्र वर येत होता. त्याने आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग मनगटाकडे. "काका, रिकव्हरी किती दाखवतंय?" मी मनगट पुढे केलं. आकडा हिरवा होता, नव्वदीला टेकलेला, आणि खाली सल्ला होता की आज जोरकस व्यायामाला हरकत नाही. "म्हणजे तुम्ही रिकव्हर झालात. बाकी सगळं डोक्यात आहे." डोक्यात नाही रे, मांडीत आहे, असं मी म्हटलं. त्यावर तो हसला आणि वर जाता जाता म्हणाला, "शरीर बहाणे करतं काका, आकडा करत नाही."

हा मुलगा मूर्ख नाही. दिवसभर संगणकापुढे डोकं झिजवून पहाटे साडेचारला उठतो आणि माझ्यापेक्षा बराच वेगाने धावतो. शिवाय ते वाक्य त्याचं एकट्याचं नाही. जिममध्ये, टेकडीवर, चहाच्या टपरीवर ते मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याला म्हणीचा मान मिळायला आला आहे. उतरत्या जिन्यावर माणसाला वाद घालता येत नाही, म्हणून उत्तर तेव्हा राहून गेलं. ते आता देतो.

सुरुवात शब्दांपासून करू, कारण या भांडणाचं मूळ तिथेच आहे. थकण्याला मराठीत एक शब्द नाही. धावताना माणूस दमतो. छातीचा भाता होतो, तोंडातून शब्द फुटत नाही, आणि दोन मिनिटं उभं राहिलं की दम परत येतो. चढावर पाय भरून येतात. तेव्हा श्वास ठिकाणावर असतो, पण पाय उचलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं. आणि चार रात्री जागून काढलेला माणूस शिणतो, मग त्याने व्यायाम केलेला असो वा नसो. माझ्या आजीला या चार गोष्टी वेगवेगळ्या ठाऊक होत्या आणि त्यांवरचे उपायही वेगळे होते. दमलेल्याला ती बसायला सांगे, आंबलेल्याला शेक देई, शिणलेल्याला हाका मारून उठवायला बंदी करी. (आंबण्याचा आणि लॅक्टिक आम्लाचा संबंध मात्र शब्दापुरताच आहे. व्यायाम थांबल्यावर तास-दीड तासात रक्तातलं लॅक्टेट मूळ पातळीवर येतं. मंगळवारच्या दुखण्याचं खापर त्याच्यावर फोडणारे तक्ते जिमवाल्यांनी आता भिंतीवरून उतरवावेत.)

मनगटावरच्या घड्याळाला या चारांपैकी फक्त दम कळतो. तळाचा हिरवा प्रकाश कातडीत शिरतो, रक्त तो शोषतं, प्रत्येक ठोक्याला शोषण थोडं वाढतं, आणि परतलेल्या प्रकाशाच्या चढउतारांवरून नाडी मोजली जाते. त्याच्या जोडीला हालचाल टिपणारे संवेदक असतात. मुख्यतः एवढंच. स्नायूत काय चाललं आहे ते बघायला घड्याळाकडे डोळाच नाही. उरलेले तीन शब्द ते दमावरून ताडतं, आणि ताडलेला आकडा मोजलेल्या आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत दाखवतं. माझा आक्षेप चुकीच्या मोजणीवर कमी आणि या सारख्या अक्षरांवर जास्त आहे.

साताऱ्याची शर्यत तर हा भेद दाखवण्यासाठीच आखल्यासारखी आहे. गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावरून वळायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं. एकूण २१ किलोमीटर, ढोबळमानाने अर्धे चढाचे आणि अर्धे उताराचे. चढताना माझी नाडी १५५ च्या आसपास होती, उतरताना १३० च्या घरात आली. घड्याळाने पूर्वार्ध लाल रंगवला आणि उत्तरार्ध निळा, म्हणजे निवांत. नाडी किती चढली आणि किती मिनिटं चढलेली राहिली यावरून व्यायामाचा भार काढण्याची रीत कॅनडातल्या एरिक बॅनिस्टर यांनी १९७० च्या दशकात मांडली. घड्याळांतला 'ट्रेनिंग लोड' बहुतेक ठिकाणी त्याच कुळातला आहे. या हिशेबाने मी घाट उतरताना फारसं काही केलंच नव्हतं. माझ्या मांड्यांचं म्हणणं नेमकं उलट होतं.

मांड्यांचा हा दावा १९५२ सालीच सिद्ध झाला आहे. ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने नेहमीसारखं पेडल मारायचं. त्यामुळे दुसऱ्याची पेडलं उलटी फिरणार आणि त्याने ती पायाने रोखत राहायचं. दोघांचा वेग एकच, पायांवरचा जोरही एकच. पण रोखणाऱ्याला लागणारा प्राणवायू पेडल मारणाऱ्याच्या मानाने अगदीच थोडा निघाला. लंडनच्या रॉयल सोसायटीत हा खेळ दाखवला तेव्हा रोखायला एक लहानखुरी स्त्री बसली होती आणि पेडल मारणारा पुरुष घामाघूम होऊन थकला. प्रेक्षकांना भारी मजा वाटली म्हणतात. या त्रयीतल्या ब्रेंडा बिगलँड यांनी पुढे स्नायूंच्या थकव्यावर बरंच काम केलं.

घाट उतरणं म्हणजे त्या रोखणाऱ्या बाजूला बसणं. प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताण धरूनच लांब होतो, ब्रेक लागल्यासारखा. अशा कामाला थोडेच तंतू पुरतात, म्हणून प्राणवायू कमी लागतो आणि नाडी खाली राहते. पण तेवढाच जोर थोड्या तंतूंवर पडतो, म्हणून एकेका तंतूवरचा ताण वाढतो आणि त्याची आतली बांधणी जागोजागी उसवते. म्हणजे ज्या कारणाने घड्याळ 'निवांत' म्हणतं, त्याच कारणाने मंगळवारी जिना आडवा उतरावा लागतो. योगायोगाने झालेली ही चूक नव्हे. स्वस्तात झालेलं काम सोपं असणार असं गृहीत धरल्याने ती होते, आणि प्रत्येक घाटात होणार. दोन-तीन आठवडे आधी उताराचा सराव केलेल्यांचे पाय पुष्कळ कमी आंबतात, हेही घड्याळाला ठाऊक नसतं. तो सराव करून आलेला आणि न करता आलेला, दोघांची नाडी सारखी असेल तर दोघांचा भार सारखा.

मग तो हिरवा आकडा कुठून आला? झोपेत दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं, ते घड्याळ पाहतं. हे अंतर सैल असेल तर हृदयावर शांतपणा आणणाऱ्या नसेचा अंमल चांगला आहे, असं मानायला आधार आहे. ती माहिती खोटी नाही. ताप येण्याआधी, अपुऱ्या झोपेनंतर, आदल्या रात्रीच्या मद्यपानानंतर ती बऱ्यापैकी बोलते, आणि माझ्याबाबतीत ती शीण पकडते हेही कबूल करतो. पण मंगळवारपर्यंत माझं हृदय सावरलं होतं आणि मांडी सावरली नव्हती. लंडनमध्ये एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली दाखवलं की श्रमानंतर स्नायूत एक थकवा असा उरतो, जो एक दिवस किंवा त्याहूनही जास्त टिकतो. विजेच्या वेगवान ठोक्यांना स्नायू पूर्ववत जोर लावतो, संथ ठोक्यांना मात्र ढिला पडतो. आणि रोजचं चालणं, उतरणं, तोल सावरणं हे सगळं संथ ठोक्यांवरच चालतं. म्हणून एखादी उडी मारायला सांगितली तर ती जमते, आणि जिन्यात गुडघा दगा देतो. हृदयाच्या नसेवरून हे ओळखायचं म्हणजे शेजाऱ्याच्या घरात दिवा लागलेला पाहून आपल्या घरी वीज आल्याचं ठरवण्यासारखं आहे. बहुतेक वेळा खरं निघेल, आणि फ्यूज उडालेला असेल नेमका त्या दिवशी फसगत होईल.

आता माझ्या मित्राचा खरा वजनदार मुद्दा. तो म्हणतो, चूक असेल, पण ती रोज सारखीच असते, मग कालच्याशी आजची तुलना तर करता येते. या मुद्द्यात दम आहे. वाण्याचा काटा कायम ५० ग्रॅम जास्त दाखवत असेल तर त्यावरही संसार चालतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ६० जणांवर सात उपकरणं तपासली. त्यांतल्या सहांची नाडीमोजणी पाच टक्क्यांच्या आत होती, पण खर्च झालेल्या कॅलऱ्यांमध्ये सर्वांत बरं उपकरण २७ टक्क्यांनी आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी चुकलं. तरीही मित्राचा मुद्दा टिकू शकला असता, चूक स्थिर असती तर. पण थकव्याने होणारी चूक स्थिर नसते. सकाळी नीट आणि दुपारपर्यंत स्प्रिंग ढिली होत जाणारा काटा असावा तशी ती एकाच व्यायामाच्या आत वाढत जाते आणि एकाच दिशेला झुकते. शंभर दिवसांची सरासरी काढली तरी ती विरघळत नाही.

जिममध्ये हे डोळ्यांनी दिसतं. रेप, म्हणजे व्यायामाचं एकेक आवर्तन, मोजणारं घड्याळ मनगटाच्या हालचालीत ठरावीक लाट शोधतं: वर, खाली, वर, खाली, अमुक उंचीची, अमुक वेळात. डंबेल खांद्यावरून वर ढकलण्याच्या पहिल्या सेटमध्ये माझ्या बारा रेप्स बारा मोजल्या गेल्या. दुसऱ्यात अकरा. तिसऱ्यात मी बारा केल्या आणि घड्याळाने आठ दिल्या, आणि डंबेल खाली ठेवून घाम पुसला त्याची वर एक. का, ते उघड आहे. दमदार स्नायू वजन एका झटक्यात वर नेतो. थकलेला अर्ध्यावर अडकतो, थरथरतो, पाठीची मदत घेतो, वर पूर्ण पोचत नाही, दोन रेप्समध्ये श्वास घेतो. लाट लांबते, बुटकी होते, तिला दातरे पडतात. त्यात मूठ आवळली जाते, मनगटाच्या शिरा आणि स्नायुबंध तट्ट होतात, घड्याळ कातडीवर सरकतं आणि नाडीचा आकडाही भरकटतो. सगळ्यात महत्त्वाच्या मिनिटाला दोन्ही खिडक्या एकदम धूसर होतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: तुमचा फॉर्म बिघडला म्हणून मोजलं नाही, दोष तुमचा. मला हा युक्तिवाद संतापजनक वाटतो. फॉर्म बिघडणं हा व्यायामातला अपघात नाही, ती व्यायामाची बातमी आहे. सांचेस-मेदिना आणि गोन्सालेस-बादिल्यो या स्पॅनिश संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की सेटमध्ये वजन उचलण्याचा वेग जितका घसरतो, तितका स्नायूचा थकवा वाढलेला असतो. थकवा मोजण्याची ही साधी, मजबूत खूण आहे. २०१७ च्या एका अभ्यासात बैठकांचा सेट कधी थांबवायचा ते वेगावर ठरवलं. एका गटाने वेग २० टक्के घसरला की थांबायचं, दुसऱ्याने ४० टक्के घसरेपर्यंत ओढायचं. पहिल्या गटाने सुमारे ४० टक्के कमी रेप्स केल्या, ताकद दोघांची जवळपास सारखी वाढली, आणि उडीत पहिला गट पुढे गेला. स्नायूंचा आकार मात्र ओढणाऱ्यांचा जास्त वाढला. म्हणजे व्यायामाचं फळ कोणतं मिळेल हे त्या शेवटच्या, मंदावलेल्या, वेड्यावाकड्या रेप्सवर ठरतं. आपलं यंत्र नेमक्या त्याच कचरा म्हणून गाळतं.

गाळलं तर गाळलं, बिघडलं काय? बिघडतं. समोर 'बारा' हे लक्ष्य चमकत असतं आणि घड्याळ आठवर अडलेलं असतं. पंचविशीतला पोरगा काय करेल? आणखी चार मारेल. सोळा रेप्समधल्या शेवटच्या चार त्याने अशा अवस्थेत मारलेल्या असतील, जेव्हा शेजारी उभ्या असलेल्या कोणीही शहाण्याने त्याच्या हातातून वजन काढून घेतलं असतं.

बैठकांचं तर आणखी विचित्र आहे. आपली देशी बैठक हात झुलवत मारतात. पाय ताजे असतात तेव्हा हात नुसते सोबत असतात. पाय भरून आले की माणूस हातांच्या झोक्यावर अंग वर फेकतो आणि बैठक खाली अर्धीच जाते. मनगटाला काय दिसतं? आधीपेक्षा मोठा, जोरकस झोका. पाय जितके मरतात तितकी बैठक घड्याळाला ताकदवान वाटते. जोर मारताना याच्या उलट. पंजा जमिनीत रोवलेला, मनगट जागचं हलत नाही, सगळं शरीर त्याच्याभोवती घसटून जातं, आणि घड्याळाच्या लेखी तुम्ही बहुधा फरशी पुसत असता.

इथे कोल्हापूरच्या तालमींची आठवण काढून जुनं ते सोनं म्हणायचा मोह होतो. तो मी आवरतो. आकड्याचा हव्यास घड्याळाने आणलेला नाही. हजार जोर, दोन हजार बैठका ही फुशारकी तालमीतलीच, आणि त्या आकड्यापायी गुडघे कायमचे घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. पण चांगला वस्ताद मोजायचं काम पोरावर सोडायचा आणि स्वतः बघत बसायचा. जोर मारताना छातीआधी कंबर उठायला लागली, कोपरं बाहेर फाकली, की तो 'बस' म्हणायचा, आकडा कितीही असो. मला घड्याळाकडून या बघण्याची अपेक्षा आहे, आणि ते अजून पोरासारखं नुसतं मोजतं आहे.

पुढचं उत्तर मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलं: एआय शिकेल, डेटा वाढू द्या. शिकेलही. पण कोणत्या नोंदींवर? दहा-दहा स्वच्छ रेप्सचे सेट गोळा करणं सोपं असतं. माणसाला हात थरथरेपर्यंत राबवायचं, मग प्रत्येक वेडीवाकडी रेप बघून तिला नाव द्यायचं, हे महाग आणि जिकिरीचं. शिवाय मोठी अडचण वेगळीच आहे आणि ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. इटलीत तुरिनला अँजेलो मोसो यांनी एर्गोग्राफ नावाचं यंत्र केलं. हात पट्ट्यांनी जखडायचा, मधल्या बोटाने दोरीला टांगलेलं वजन ठरावीक तालावर उचलत राहायचं, आणि प्रत्येक उचलीची उंची काजळी धरलेल्या कागदावर ओढली जायची, बोट हलेनासं होईपर्यंत. थकव्यावरच्या त्यांच्या १८९१ च्या पुस्तकात हे आलेख आहेत. एकाची रेघ बराच काळ टिकून मग एकदम कोसळते, दुसऱ्याची पहिल्यापासून हळूहळू उतरते, आणि प्रत्येकाची तऱ्हा त्याच्या अक्षरासारखी त्याचीच असते. मोसोंच्या एका सहकाऱ्याने विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आल्यावर बोट लावलं, तर आलेख पार खाली आला. बोटाने काहीच केलं नव्हतं, थकलं होतं डोकं. (मीही तोंडी परीक्षा घेतल्या आहेत. माझा विश्वास बसतो.) थकवा इतका ज्याचा त्याचा असेल तर लाखो परक्या मनगटांचा डेटा माझ्या पडत्या रेघेचा आकार सांगू शकत नाही. त्यासाठी यंत्राने मला थकलेलं पाहायला हवं, आणि ताजं असतानाच्या माझ्याशी ताडायला हवं.

हे अशक्य मुळीच नाही. बारला दोरी लावून वेग मोजणारी यंत्रं आहेत. स्नायूवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून विजेचे संकेत घेतले तर थकव्याबरोबर त्यांची वारंवारिता खाली सरकताना दिसते. मनगटातला संवेदकसुद्धा 'ही रेप मागच्यापेक्षा मंद होती' इतकं सांगू शकतो. ती नोंद त्याच्यापाशी असते, आपण ती गाळायला सांगितलेली असते. अडचण तंत्राची कमी आणि विक्रीची जास्त असावी, असं मला वाटतं. 'बारा पूर्ण, शाबास' हे विकलं जातं. 'नवव्या रेपपासून तुझा खांदा संपला होता' हे दुकानातल्या काचेमागे लावता येत नाही.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींनी माझ्या बाजूला येऊन बसू नये. घड्याळ फेका, शरीराचं ऐका, म्हणणाऱ्यांचं शरीर पावसाळ्यात गादीत राहायला सांगतं आणि ते ऐकतात. माझा मित्र बहाण्यांबद्दल बोलतो ते या लोकांना बघूनच. पण 'कसं वाटतंय' हा प्रश्न मोघम असायलाच हवा असं नाही. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी १९६० च्या दशकात जाणवणाऱ्या श्रमाला ६ ते २० अशी पट्टी लावली. आकडे असे विचित्र का? तर त्यांना दहाने गुणलं की निरोगी तरुणाची नाडी अंदाजे मिळावी म्हणून. म्हणजे जाणिवेला आकडा देणारी ही पट्टी घड्याळांच्या कितीतरी आधीची आहे. पुढे अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर यांनी व्यायामाची मिनिटं गुणिले जाणवलेला जोर, शून्य ते दहापैकी, एवढ्यावर भार काढून दाखवला. वही आणि पेन्सिल पुरते. आणि घाटाच्या उताराला हा हिशेब घड्याळासारखा फसत नाही, कारण त्यात मांडीलाही मत असतं.

त्या व्हॉट्सॲपच्या उत्तरादाखल मी मित्राला एवढंच लिहिलं की लांब पल्ल्यानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, घड्याळ बघायच्या आधी, जिना उतर आणि कितव्या पायरीला कठडा धरावासा वाटला ते लिहून ठेव. त्याने हसऱ्या चेहऱ्याचा इमोजी पाठवला. गेल्या रविवारी तो सिंहगडावरून पळत उतरला. मंगळवारी त्याचा निरोप आला: "रिकव्हरी ८८. पायरी दुसरी."